ओटीवरचे उपचार

‘पूरक उपचार’ हा शब्द आमच्या गावात कुणी वापरत नाही. इंग्रजी शब्दावरून घडवलेला तो शब्द परिषदा आणि पत्रिकांपुरता आहे. गावातली माणसं म्हणतात, “वैनींकडे मातीला जातंय” किंवा “पाण्याला जातंय.” एखादी म्हातारी नुसतंच म्हणते, “चोळायला.” मला ही नावं अधिक नेमकी वाटतात. औषध घ्यायचं असेल तर माणूस डॉक्टरकडे जातो. माती, पाणी, शेक आणि हात यांच्यासाठी तो आमच्या ओटीवर येतो.

मी रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात राहते. लग्न होऊन इथे आले तेव्हा पुण्यात निसर्गोपचाराचा पदविका अभ्यासक्रम पुरा केलेला होता. नवरा प्राथमिक शिक्षक. गावात दवाखान्यासाठी भाड्याने घ्यावी अशी जागा नव्हती आणि असती तरी परवडली नसती. तेव्हा घरातच सुरुवात केली. या लेखात मला सांगायचं आहे ते हे, की खेड्यातल्या घरात असा व्यवसाय प्रत्यक्षात चालतो कसा, त्यातला उपयोग कुठून येतो आणि धोका कुठून. या दोन्हींचा उगम एकच आहे असं माझं मत बनलं आहे, आणि तो उगम म्हणजे घर.

कोकणातलं जुनं घर बाहेरून आत थरांनी उलगडत जातं. आधी अंगण, मग पडवी, मग ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि मागची पडवी. कुणी कुठवर यायचं हे न बोलता ठरलेलं असतं. विकायला आलेला अंगणात थांबतो, कामाचा माणूस पडवीत बसतो, पाहुणा ओटीवर. माजघरात शिरायला नातं लागतं. दवाखान्यात असली उतरंड नसते. तिथे दार, बाक, पडदा आणि टेबल एवढंच. मला उपचारासाठी आडोसा हवा होता आणि आडोसा घराच्या आतल्या बाजूला होता. म्हणजे ज्या बाईशी काहीच नातं नाही तिला पहिल्याच दिवशी माजघर ओलांडून न्हाणीघरापर्यंत न्यायचं. सासूबाईंनी यावर जो तोडगा काढला तो अजून चालू आहे: पुरुषांनी पुढून यायचं, बायकांनी मागीलदारी. मागीलदारी येणारी बाई शेजारीण धरली जाते, रोगी नव्हे. तिला रांगेत बसावं लागत नाही आणि ती कशासाठी आली हे चार माणसांना कळत नाही. अंगावरून जाणं, लघवी न थांबणं, अंग बाहेर येणं या गोष्टी ओटीवर कधीही बोलल्या गेल्या नसत्या. त्या मागच्या पडवीत, बहुधा निघता निघता, चप्पल पायात घालताना बोलल्या जातात.

या उपचारपद्धतीचं मूळ मात्र आपल्या घरांतलं नाही. कटिस्नान, घर्षणस्नान, मातीची पट्टी यांचा आज जो क्रम आपण पाळतो तो बराचसा एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीतून आला. लाइपझिगचा लुई कुन्हे आणि मातीचा पुरस्कर्ता अडोल्फ युस्ट यांची पुस्तकं गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचली आणि स्वतःवर, घरच्यांवर प्रयोग केले. पुण्यात डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र होतं. गांधीजी तिथे राहत, आणि ते गरिबांसाठी चालवावं असा विचारही त्यांनी केला. पण शहरात बसून खेड्यातल्या गरिबांची सेवा होणार नाही हे त्यांच्या लवकरच ध्यानात आलं आणि १९४६च्या मार्चअखेरीस ते उरुळीकांचनला गेले. तिथे आठवडाभर राहून त्यांनी रोगी तपासले. पुढे मणिभाई देसाईंनी तिथे आयुष्य घातलं आणि आश्रम उभा राहिला.

या इतिहासातला मला महत्त्वाचा वाटणारा मुद्दा जागेचा आहे. गांधीजींच्या मनातला निसर्गोपचार खेडुताच्या आवाक्यातल्या वस्तूंवर चालायचा होता: ऊन, पाणी, माती, साधं अन्न आणि रामनाम. आज निसर्गोपचार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दहा दिवसांचं शिबिर, पांढरे टॉवेल आणि मोठं बिल येतं. खेड्यातून निघून शहरासाठी सजलेली ही गोष्ट परत खेड्यातल्या घरात आणायची, तर पुस्तकातला प्रत्येक आकडा पुन्हा तपासावा लागतो. त्याची दोन उदाहरणं सविस्तर सांगते, कारण पुस्तकं त्याविषयी गप्प असतात.

पहिलं मातीचं. पाठ्यपुस्तक म्हणतं, जमिनीखाली तीन-चार फुटांवरची स्वच्छ माती घ्यावी, उन्हात वाळवावी, चाळावी, रात्रभर भिजवावी आणि कापडावर अर्धा इंच जाडीची पट्टी करून पोटावर वीस ते तीस मिनिटं ठेवावी. आमच्याकडे तीन फूट खणलं की जांभा लागतो. जांभ्याची माती खरखरीत, लोहामुळे तांबडी. पट्टीचं कापड एकदा लाल झालं की लालच राहतं, आणि ती पाणी धरून ठेवत नाही. मातीच्या पट्टीचा सगळा उपयोग पाणी धरून ठेवण्यात आहे. बारीक कणांची चिकण माती हळूहळू सुकते, म्हणून अंगाला बराच वेळ गार लागत राहते. रवाळ माती दहा मिनिटांत कोमट चिखल होते. भाताच्या मळ्यातली माती चिकण असते, पण तीत खत, शेण आणि उंदरांचा वावर. शेवटी गणपती करणाऱ्यांनी वाट दाखवली. ते ज्या जागेची माती मूर्तीसाठी आणतात त्याच जागेची खोलातली माती मी घेते. ती एप्रिल-मेमध्ये आणून, कडक उन्हात पसरून, चाळून मृगाच्या आधी पिंपांत भरावी लागते. एकदा पाऊस लागला की चार महिने कोरडी माती हा विषय संपला. वापरलेली माती दुसऱ्याला लावायची नाही. ती पोफळीच्या बुंध्याशी जाते. आणि जखमेवर माती कधीही नाही. धनुर्वाताचे जंतू मातीतच राहतात.

दुसरं पाण्याचं. गार कटिस्नानासाठी पुस्तकात १० ते १८ अंश सेल्सिअसचं पाणी सांगितलेलं असतं. जर्मनीत नळ सोडला की असं पाणी मिळत असेल. आमच्या विहिरीचं पाणी मी वर्षभर तापमापक घालून पाहिलं आहे. ते २६-२७ अंशांच्या आसपास असतं, कारण खोल विहिरीचं पाणी त्या जागेच्या वार्षिक सरासरी तापमानाशी जुळतं. म्हणजे कोकणात निसर्गाने दिलेलं थंड पाणी पुस्तकातल्या थंड पाण्याहून निदान आठ अंशांनी गरम. डिसेंबर-जानेवारीत रांजणात ठेवलं तर ते थोडं उतरतं. पावसाळ्यात रांजणाचाही उपयोग नाही. हवाच ओली असली की रांजणाच्या अंगावरचं पाणी उडत नाही आणि आतलं गार होत नाही. बर्फ घालणारे घालतात. मी घालत नाही. २६ अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं बसून बायकांना बरं वाटतं, आणि त्या ‘बऱ्या’त थंडपणाचा वाटा किती आणि पंधरा मिनिटं कुणी हाक न मारता बसायला मिळण्याचा किती, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

टबाला एका वेळी चाळीसेक लिटर पाणी लागतं आणि ते दर माणसाला बदलायचं. सकाळी चार जणी आल्या की विहिरीतून दीडशे लिटर गेलं. फेब्रुवारीत हे चालतं. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो तेव्हा कटिस्नान बंद, फक्त ओल्या पट्ट्या. टबातलं पाणी माडांच्या आळ्यांत सोडतो. वाफाऱ्याला आणि शेकाला जळण लागतं. झावळ्या, नारळाची सोडणं, काजूच्या वाळक्या फांद्या. एका घराचं इंधन, एका घराचं पाणी, एका घराचे टॉवेल आणि ते धुणारे हात असा हा हिशेब आहे. पावसाळ्यात पंधरा टॉवेल वाळवायचे कुठे हा प्रश्न ज्याला पडला नाही त्याने घरगुती उपचारकेंद्र काढलेलं नाही, एवढं मी खात्रीने सांगेन.

येतात कोण? अधिक करून कंबर, गुडघे, मान आणि खांदे. लावणीच्या दिवसांत आठ-आठ तास वाकून उभ्या राहिलेल्या बायका. काजूच्या कारखान्यात एकाच बैठकीत बी सोलणाऱ्या मुली. गणपतीत आलेले चाकरमानी, ज्यांची मान मुंबईत लोकलमध्ये आणि मोबाइलवर दुखलेली असते. त्याखालोखाल बद्धकोष्ठ, आम्लपित्त, झोप न येणं. त्यांना गुण येतो का? बऱ्याच जणांना येतो. पण कशाने येतो, हे विचारणं मला आवश्यक वाटतं.

मालिशने कंबरदुखी काही काळ कमी होते, याला अभ्यासांचा आधार आहे. तो आराम महिनोन्महिने टिकतो याला भक्कम आधार नाही. उष्ण शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात, हे कुणीही मान्य करील. बाकीच्या बऱ्याच गोष्टींत वेळ, स्पर्श आणि ऐकून घेणं यांचाच हात मोठा असावा. अमेरिकेतल्या टेड कॅपचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक प्रयोग छापला. आतड्यांच्या चिवट तक्रारी असलेल्या २६२ रुग्णांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्याला फक्त प्रतीक्षायादीत ठेवलं. दुसऱ्याला खोटं अॅक्युपंक्चर दिलं, म्हणजे सुई न टोचता टोचल्याचा आभास, आणि बोलणं बेताचं. तिसऱ्याला तेच खोटं अॅक्युपंक्चर, पण देणारा माणूस आपुलकीने बोलणारा, नीट ऐकणारा. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडल्याचं सांगणारे पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४ आणि तिसऱ्यात ६२ टक्के निघाले. प्रयोगातून खऱ्या औषधाचा कणही कुणाला दिलेला नव्हता.

याच्या शेजारी दुसरा एक अभ्यास ठेवावा. २०१७ साली ६७ देशांतल्या प्राथमिक वैद्यकीय सेवेची पाहणी प्रसिद्ध झाली. डॉक्टर एका रुग्णाला सरासरी किती वेळ देतो, याची. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. भारतातला आकडा दोन मिनिटांच्या आसपास. हा दोष मी डॉक्टरांना देणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रावर सकाळी ऐंशी माणसं असतील तर दुसरं काय होणार? पण दोन मिनिटं मिळालेली बाई माझ्याकडे येते तेव्हा तिला तासभर मिळतो, आणि तोही एका घरात, जिथे चुलीवर चहा आहे. तिला आलेला गुण खरा असतो. त्याचं सगळं श्रेय मातीला देण्याची घाई मात्र करू नये.

आणि इथेच धोका सुरू होतो. ज्या घरात बरं वाटतं त्या घरी माणूस पुन्हा येतो, प्रत्येक दुखण्याला येतो, आणि इस्पितळात जायचं टाळण्यासाठीही येतो. इस्पितळ म्हणजे गाडीभाडं, बुडालेली मजुरी, अनोळखी माणसं आणि ओरडून बोलणाऱ्या खिडक्या. आमची ओटी म्हणजे पाच मिनिटांची पाऊलवाट. या दोहोंत निवड करायची झाली तर कोण काय निवडेल हे उघड आहे.

जुलै महिना घ्या. लावणी होऊन आठ-दहा दिवस झालेले. एक माणूस संध्याकाळी पडवीत येऊन बसतो. “वैनी, हाव काय घरात? पोटऱ्या लय दुखतात. जरा तेल लावून द्याल काय?” दिवसभर चिखलात उभं राहून पोटऱ्या दुखणारच, असं कुणालाही वाटेल. पण हात लावला तर अंग तापलेलं असतं, डोळे लाल असतात, आणि पोटरी दाबली की माणूस कळवळतो. हा लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून जंतू शेतातल्या पाण्यात येतात, पायांच्या भेगांतून शरीरात शिरतात आणि बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आणतात. पोटऱ्यांचं हे विलक्षण दुखणं हीच त्याची एक खूण. सुरुवातीला साध्या प्रतिजैविकांनी तो आटोक्यात येतो. दुर्लक्ष केलं तर कावीळ होते, मूत्रपिंडं बंद पडतात, माणूस जातो. म्हणजे कोकणात पावसाळ्यातला एक जीवघेणा आजार मालिशवाल्याच्या दारात मालिशचंच गिऱ्हाईक होऊन येतो. अशा वेळी तेलाची बाटली जागेवरून उचलायची नाही. ताप मोजायचा, आशाताईंना फोन करायचा आणि त्याच संध्याकाळी माणूस आरोग्य केंद्राकडे रवाना करायचा. “उद्या सकाळी जातो” हे ऐकायचं नाही.

पोटरीचंच दुसरं दुखणं याहून फसवं. एकच पाय सुजलेला, गरम, तट्ट. बहुधा बाळंतपणानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यावर. आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळलं तर ती सुटून फुप्फुसात जाण्याचं भय असतं. आपल्याकडे बाळंतिणीला चोळण्याची रीत घरोघरी आहे, म्हणून ही गोष्ट प्रत्येक चोळणाऱ्या बाईला माहीत असायला हवी. एक पाय दुसऱ्याहून जाड दिसला तर हात लावायचा नाही, एवढं साधं वाक्य मी गावातल्या दोघी सुईणबायांना शिकवलं आहे.

मधुमेही माणसाच्या पायांना पाणी किती गरम आहे ते कळत नाही. गरम पादस्नान हा सर्वांत निरुपद्रवी वाटणारा उपचार, पण ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे तो कढत पाण्यात हसतमुख बसून राहतो आणि दुसऱ्या दिवशी फोड येतात. पुढे ते चिघळले तर बोट किंवा पाऊल गमवावं लागतं. म्हणून पाण्यात आधी माझं कोपर, मग तापमापक आणि त्यानंतर त्याचा पाय. कंबरदुखीत रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, उतरत चाललेलं वजन आणि संध्याकाळचा बारीक ताप दिसला तर मणक्याचा क्षय डोक्यात यायला हवा. मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर ती ताबडतोब शस्त्रक्रियेकडे नेणारी खूण असू शकते. या सगळ्यांवर माती लावता येते. माती लावल्यावर थोडं बरंही वाटेल. संकट नेमकं तेच आहे.

विंचवाचं उदाहरण कोकणाला विसरता येणार नाही. लाल विंचू चावला की पूर्वी माणूस मांत्रिकाकडे, वैदूकडे किंवा पाला देणाऱ्याच्या ओटीवर नेत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रात काम करताना या रुग्णांचं हृदय कसं निकामी होत जातं याचं बारीक निरीक्षण केलं, १९८०च्या दशकात प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरलं आणि ‘लॅन्सेट’मध्ये ते मांडलं. त्याआधी गंभीर विषबाधेत दगावणाऱ्यांचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात होतं. ते मोजक्या टक्क्यांवर आलं. औषध स्वस्त, गोळीच्या रूपात. त्यानंतर विंचवाच्या रुग्णाला ओटीवर थांबवून ठेवण्याला कसलंही समर्थन उरलं नाही. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप, विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हाच आहे.

ही सीमारेषा ओळखण्याचा धडा निसर्गोपचारवाल्यांना त्यांच्या सर्वांत मोठ्या पुरस्कर्त्याच्या चरित्रातच सापडतो. १९०२ साली मुंबईत मणिलाल या आपल्या मुलाला विषमज्वर आणि त्यात न्यूमोनिया झाला तेव्हा गांधीजींनी डॉक्टरने सुचवलेला अंडी आणि कोंबडीचा रस्सा नाकारला आणि कुन्हेची स्नानं व ओल्या चादरीची घडी सुरू केली. हा भाग सगळे सांगतात. पण आत्मकथेत आणखी एक गोष्ट आहे: नाडी आणि छाती तपासण्याचं ज्ञान आपल्याला नाही हे ओळखून त्यांनी त्याच पारशी डॉक्टरांना अधूनमधून येऊन मुलाला तपासण्याची विनंती केली, आणि त्यांनी ती मानली. पुढे १९२४च्या जानेवारीत येरवड्यात कैदी असताना आंत्रपुच्छाचा दाह झाला, तेव्हा पुण्याच्या ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांच्याकडून त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. मधेच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी झाली. पोटावर माती ठेवून वाट पाहिली असती तर मीठ सत्याग्रहाचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता.

पैशाविषयी थोडं. घरात चालणाऱ्या उपचाराला मोल लावणं हे सर्वांत अवघड काम. ज्या बाईला मी काकी म्हणते तिच्याकडून शंभर रुपये घ्यायचे कसे, आणि न घ्यावेत तर जळण आणायचं कशाने? सुरुवातीची वर्षं फणस, आमसुलं, नाचणी, सुरण, ओल्या काजूगरांवर गेली. वस्तू घेण्यात गोडवा असतो, पण त्यात एक अडचणही असते: फणस देणाऱ्याला “आज तुमचं काम माझ्याकडे नाही, इस्पितळात जा” असं सांगताना आपण उपकार विसरल्यासारखं वाटतं. पैसे घेतले की नकार देणं सोपं होतं. म्हणून आता दर लिहून ठेवले आहेत आणि ज्याला पुढे पाठवायचं त्याच्याकडून काहीच घ्यायचं नाही हा नियम आहे. फणस अजूनही येतात. ते शेजारधर्मात जमा.

घरच्यांनाही किंमत मोजावी लागते. दहावीचा अभ्यास ओटीवर करता येत नाही, कारण तिथे कुणीतरी कण्हत असतं. सणासुदीला माणसं येतातच. घरात आजारी माणसाविषयी बोलायचं नाही हे मुलांना लहानपणीच शिकवावं लागतं. छोट्या गावात गुपित फुटायला एक शाळेची सुट्टी पुरते. पुरुषांना मी स्वतः चोळत नाही. त्यासाठी वाडीतला एक तरुण शिकवून तयार केला आहे, आणि तो नसेल त्या दिवशी पुरुषांना फक्त व्यायाम आणि शेक.

राहिला कायदा. होमिओपॅथीसाठी आणि आयुर्वेद, युनानी, सिद्ध या पद्धतींसाठी २०२०चे केंद्रीय कायदे आहेत, आयोग आहेत, नोंदवह्या आहेत. निसर्गोपचार त्यांत नाही. त्याची साडेपाच वर्षांची पदवी आहे, काही राज्यांत नोंदणीही होते. पण देशभर लागू होणारा तसा कायदा नाही. त्यामुळे पदवीधर, पदविकाधारक, पंधरा दिवसांचं शिबिर केलेला आणि काहीच न केलेला, असे सगळे लोकांच्या लेखी एकाच पाटीखाली बसतात. एका पद्धतीचं शिक्षण घेऊन दुसरीची औषधं देणं किती गंभीर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मुंबईतल्या एका होमिओपॅथच्या प्रकरणात स्वच्छ सांगितलं: ज्याला ज्या पद्धतीचं ज्ञान नाही तो त्या पद्धतीपुरता वैदूच. १९५४चा जादुई उपचार व आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा मधुमेह, कर्करोग, अपस्मार यांसारख्या अनेक रोगांवर इलाजाच्या जाहिराती करायला मनाई करतो. तरी आमच्या हमरस्त्यावर ‘साखर मुळापासून बरी’ असे फलक दिसतात, आणि ते वाचून इन्सुलिन बंद करणारी माणसंही दिसतात.

या बाबतीत जर्मनीची रीत पाहण्यासारखी आहे. तिथे १९३९च्या कायद्याखाली डॉक्टर नसलेल्या उपचारकाला परवाना मिळतो. अनेक जण घरातल्याच एका खोलीत काम करतात. परवान्यापूर्वीची सरकारी परीक्षा त्याच्या उपचारपद्धतीचं कौशल्य तपासण्यासाठी नसते. या माणसाच्या हातून लोकांच्या आरोग्याला धोका होणार नाही ना, हे ती पाहते. कोणते रोग त्याने हातात घ्यायचे नाहीत, कधी पुढे पाठवायचं, हे त्याला आलं पाहिजे. ती व्यवस्था निर्दोष नाही. २०१६ साली अशाच एका उपचारकाच्या केंद्रात प्रायोगिक द्रव्य टोचलेले तीन कर्करुग्ण दगावले आणि परवान्यावरच प्रश्नचिन्ह लागलं. तरीही प्रश्नपत्रिकेची ती दिशा मला योग्य वाटते. आपल्याकडे कुणाला काय येतं याची प्रमाणपत्रं भिंतभर लागतात. काय करायचं नाही याची परीक्षा कुणीच घेत नाही. तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने चोळणारे, हाडवैद्य, माती-पाणीवाले, सुईणबाया यांना वर्षातून एक दिवस बोलवावं. सुजलेली पोटरी, लाल डोळे, बधिर पाय, अडलेली लघवी दाखवावी. तोंडी परीक्षा घ्यावी. खर्च चहाचा आणि एसटीच्या तिकिटाचा. आशाताईंच्या महिन्याच्या बैठकीत मी हे दोनदा मांडलं. तिथल्या परिचारिकांना पटलं. वरून उत्तर आलं, की नोंदणी नसलेल्यांना बोलावलं तर त्यांना मान्यता दिल्यासारखं होईल. या अडचणीत तथ्य आहे. पण न बोलावल्याने ती माणसं काम थांबवणार नाहीत, हेही तितकंच खरं.

आमच्या अंगणातल्या पाटीवर फक्त ‘निसर्गोपचार, सकाळी ८ ते १२, बुधवार बंद’ एवढं लिहिलेलं आहे. नावामागे ‘डॉ.’ नाही, रोगांची यादी नाही. खाली प्राथमिक आरोग्य केंद्राचा फोन आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा आकडा मोठ्या अक्षरांत रंगवलेला आहे. रंगाऱ्याने विचारलं होतं, स्वतःच्या पाटीवर दुसऱ्याचा नंबर कशाला? तो गुहागरकडचा, हाताला चांगला. त्याने तो नंबर लाल रंगात काढला आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.